विजेतेपद कोणाचे? जपानच्या महिला व्हॉलीबॉल लीगचा इतिहास

जपानमधील महिला व्हॉलीबॉलच्या विजेत्या संघांची यादी क्रमाने वाचत गेले, तर ती खेळाची यादी वाटत नाही. आधी सूतगिरण्या येतात, मग कॅमेरे आणि विद्युत उपकरणे बनवणारे कारखाने, पुढे औषधे, कृत्रिम धागा, दूरसंचार, तंबाखू. एका देशाच्या उद्योगांची चढउतार सांगणारी ही जणू अनुक्रमणिकाच. तीत गावाचे नाव क्वचित सापडते, खेळणाऱ्या मुलींचे तर नाहीच. मग ही विजेतेपदे कोणाची, असा प्रश्न पडतो. या लीगचा इतिहास म्हणजे त्या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे.

गिरणीचे आवार

ओसाका हे जपानच्या कापडधंद्याचे मोठे केंद्र. या गिरण्यांशी मुंबईचे जुने नाते आहे. जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीने १८९३ मध्ये मुंबई-कोबे मार्ग सुरू केला आणि हिंदुस्थानी कापूस जपानी चात्यांवर चढू लागला. त्या चात्यांपाशी उभ्या असत त्या मुख्यतः खेड्यांतून आलेल्या तरुण मुली. त्या गिरणीच्या वसतिगृहातच राहत. त्यांच्या हालांचे वर्णन करणारे होसोई वाकिझो यांचे पुस्तक १९२५ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४७ च्या कामगार कायद्याने स्त्रियांना रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत कामावर ठेवण्यास बंदी घातली. गिरण्या दोन पाळ्यांत चालू लागल्या आणि मुलींच्या हाती दिवसाचा बराच वेळ उरला. हा वेळ शिस्तीत जावा, वसतिगृहातले आयुष्य सुसह्य व्हावे आणि नव्या मुलींना गिरणीची ओढ वाटावी, म्हणून मालकांनी खेळांना उत्तेजन दिले. व्हॉलीबॉलला आवारातली मोकळी जागा आणि एक जाळी पुरत असे. त्या वेळी जपानमध्ये हा खेळ नऊ-नऊ जणींच्या संघांत खेळला जाई, म्हणजे एका संघात अनेक मुली सामावत. गिरणगावातली कबड्डी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कामगारवस्ती आणि खेळ यांचे हे नाते वेगळे समजावून सांगायला नको.

पूर्वेच्या चेटकिणी

दाई निप्पॉन बोसेकी, अर्थात निचिबो, या कंपनीने १९५०च्या दशकाच्या मध्यास आपल्या निरनिराळ्या गिरण्यांतील उत्तम खेळाडू ओसाकाजवळच्या काइझुका येथील गिरणीत एकत्र आणल्या. प्रशिक्षक होते कंपनीचेच नोकर दाइमात्सु हिरोबुमी. महायुद्धात इम्फाळच्या मोहिमेतून जिवानिशी वाचून परतलेले हे गृहस्थ सरावात विलक्षण कठोर होते. मुली दिवसा कंपनीत काम करत आणि दुपारनंतर सुरू झालेला सराव मध्यरात्रीपर्यंत चाले. चेंडूसाठी जमिनीवर झेपावायचे, कोलांटी घेत तो उचलायचा आणि त्याच ओघात पुन्हा उभे राहायचे, हे त्यांचे खास तंत्र.

१९६१ च्या युरोप दौऱ्यात हा संघ अजिंक्य राहिला आणि ‘पूर्वेच्या चेटकिणी’ हे नाव त्याला चिकटले. १९६२ मध्ये मॉस्को येथे याच मुलींच्या बळावर जपानने सोव्हिएत संघाला हरवून जगज्जेतेपद मिळवले. त्यानंतर अनेकींना निवृत्त व्हायचे होते. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्यांचे लग्नाचे वय उलटून चालले होते. पण टोकियो ऑलिम्पिक दोन वर्षांवर आले होते आणि त्यात महिला व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला होता. लोकांच्या आग्रहापुढे त्या थांबल्या.

२३ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी सोव्हिएत संघाला १५-११, १५-८, १५-१३ असे हरवले. टोकियो परिसरात या सामन्याच्या प्रक्षेपणाची प्रेक्षकसंख्या ६६.८ टक्के नोंदली गेली. राष्ट्रीय संघातील १२ जणींपैकी १० जणी एकट्या निचिबोच्या होत्या. कर्णधार कासाई मासाए यांचा विवाह जुळवण्यात पुढे पंतप्रधान सातो एइसाकु यांनी पुढाकार घेतला. देशाने या मुलींची वर्षे घेतली होती, त्याची ही एक प्रकारची परतफेड म्हणावी लागेल.

निचिबोची विजयमालिका १९५९ मध्ये सुरू झाली होती. दाइमात्सु आणि त्यांच्या गाजलेल्या खेळाडू बाजूला झाल्यावरही ती टिकली आणि २५८ सामन्यांवर पोहोचली. १९६६ मध्ये ती खंडित केली यशिका या कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या संघाने. सूत मागे पडून यंत्रे पुढे येत होती, हे खेळाच्या मैदानावरही दिसले.

लीग आणि कारखाना

१९६७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. ऑलिम्पिकने निर्माण केलेल्या उत्साहाला तिने वार्षिक वेळापत्रक दिले, पण संघ कंपन्यांचेच राहिले. खेळाडू कागदोपत्री कर्मचारी असे, तिचा पगार कर्मचाऱ्याचा असे आणि संघ बदलणे म्हणजे नोकरी बदलणे.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभार्थी हिताची. तिच्या मुसाशी कारखान्याच्या संघाने लीगची १८ विजेतेपदे मिळवली. प्रशिक्षक यामादा शिगेओ यांच्या हाताखाली जपानने १९७६ मध्ये माँट्रियल येथे एकही सेट न गमावता सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचा कणा हिताचीच्या खेळाडूंचाच होता. इकडे निचिबो १९६९ मधील विलीनीकरणानंतर युनिटिका झाली. मुली तोच खेळ खेळत होत्या, फक्त छातीवरचे नाव बदलले.

नोकरीची हमी, निवृत्तीनंतरही कंपनीत जागा, सरावाची सोय, हे सारे या पद्धतीने दिले, हे नाकारता येणार नाही. आपल्याकडेही राष्ट्रीय महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धेत वर्षानुवर्षे रेल्वेचा संघ बलाढ्य ठरला, त्यामागे नोकरीचेच बळ होते. मात्र या हमीची एक किंमत असते. खेळाडूला स्वतःच्या खेळाचे मोल स्वतः ठरवता येत नाही.

१९९४ मध्ये हा पेच उघड झाला. हिताचीच्या काही खेळाडूंनी व्यावसायिक कराराची मागणी केली. त्यांपैकी राष्ट्रीय संघातील दोन तारका, ओबायाशी मोतोको आणि योशिहारा तोमोको, यांना कंपनीने काढून टाकले. दोघी इटलीच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायला गेल्या. त्याच हंगामात जपानी लीगचे नाव बदलून ‘व्ही लीग’ झाले होते. पाटी नवी आली, पण मालकीचा प्रश्न जुनाच राहिला.

मंदीने तो आणखी धारदार केला. १९९९ मध्ये तोशिबाने आपला संघ सोडला. २००० मध्ये युनिटिकाचा संघ तोरे या कंपनीकडे गेला. २००१ मध्ये तर १८ विजेतेपदांचा हिताचीचा संघच बंद झाला. मैदानात ज्याला हरवणे कठीण होते, तो संघ जमाखर्चाच्या वहीतून एका रेघेने वजा झाला.

नावात आलेली गावे

पुढच्या काळात विजेतेपदे नव्या हातांत गेली. तोरेने २००७-०८ पासून सलग तीन वेळा लीग जिंकली. हिसामित्सू या औषध कंपनीच्या संघाने २०१२-१३ ते २०१८-१९ या सात हंगामांत पाच विजेतेपदे मिळवली. पण या यादीइतकीच महत्त्वाची गोष्ट उपविजेत्यांत आहे. तोशिबाने सोडलेल्या खेळाडूंचा संघ ओकायामा येथे नागरिकांच्या आणि लहानमोठ्या पुरस्कर्त्यांच्या आधारावर उभा राहिला. एकाही बड्या कंपनीची मालकी नसलेला हा ‘ओकायामा सीगल्स’ २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला.

जानेवारी २०२० मध्ये तो पुन्हा अंतिम सामना खेळला आणि जपान टोबॅकोच्या संघाकडून पाच सेटमध्ये हरला. विजेत्या संघाच्या प्रशिक्षक होत्या योशिहारा तोमोको. पंचवीस वर्षांपूर्वी कराराची मागणी केली म्हणून नोकरी गमावलेली खेळाडू आता विजेतेपदाची शिल्पकार होती. पुढच्या हंगामातही तिच्याच संघाने लीग जिंकली.

२०२४ मध्ये ‘एसव्ही लीग’ या नव्या रूपात स्पर्धा सुरू झाली, ती व्यावसायिकतेचे उद्दिष्ट उघडपणे पुढे ठेवून. महिलांचे १४ संघ होते आणि अनेकांच्या नावांत आता शहर किंवा प्रांत आला. पहिले विजेतेपद मिळवले ‘ओसाका मार्व्हलस’ने, म्हणजे जपान टोबॅकोच्याच जुन्या संघाने. पैसा अजूनही बहुतांशी कंपन्यांचा आहे, हे खरे. तरी ज्या ओसाका प्रांतात काइझुकाच्या मुली गिरणीचे नाव छातीवर घेऊन खेळल्या, तेथे सहा दशकांनी आलेल्या विजेतेपदावर गावाचे नाव आहे. खेळाडूंची नावे त्याच ठळकपणे नोंदली जातील, तेव्हा ही यादी पूर्ण झाली असे म्हणता येईल.