यंत्राआधीचे आइस्क्रीम

सिंगापूरच्या पश्चिमेकडील जुरोंग ईस्ट येथे २००० साली ‘स्नो सिटी’ नावाचे बर्फघर सुरू झाले आणि विषुववृत्तालगतच्या या उष्ण बेटावर मुले बर्फात खेळू लागली. आइस्क्रीम हे फ्रीजमधूनच निघते, असे तेथील मराठी घरांतल्या मुलांना वाटले तर नवल नाही. परंतु इतिहास पाहू जाता, आइस्क्रीमच्या कामी यंत्र फार उशिरा आले असे दिसते.

अकबराच्या काळी सोऱ्याने पाणी थंड करीत आणि उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ आणवीत, असे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवले आहे. ही चैन अर्थातच दरबाराची होती. पुढे १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याचे जहाज बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्याला लागले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता! लवकरच मुंबईतही हा बर्फ येऊ लागला. जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवले आणि यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाल्याचे ‘मुंबई समाचार’ने छापले, अशी हकीकत सांगतात. सिंगापुरातही हू आह के ऊर्फ व्हाम्पोआ या चिनी व्यापाऱ्याने १८५४ साली नदीकाठी बर्फाची वखार बांधली. तिच्यातही अमेरिकेचाच बर्फ येई.

मात्र नुसत्या बर्फाने आइस्क्रीम होत नाही. साखर घातलेले दूध शून्य अंशाला गोठत नाही. त्याला अधिक थंडी लागते. ती थंडी देते आपले साधे मीठ! मीठ लागताच बर्फ वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या पदार्थातून ओढून घेतो. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घातले, तर हे मिश्रण शून्याखाली वीस अंशांपर्यंतही उतरू शकते. आटवलेले दूध पत्र्याच्या साच्यांत भरून, तोंडे कणकेने बंद करून, ते साचे बर्फ-मिठाच्या मडक्यात हलवीत राहणारा कुल्फीवाला हेच शास्त्र वापरीत होता. दांडा फिरवायच्या पॉटचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले ते १८४३ साली. त्या पॉटने हाताचे श्रम हलके केले, इतकेच. थंडी तेव्हाही मिठाचीच होती.

आपल्या स्वयंपाकघरात मात्र एक निराळी अडचण असते. मटणाच्या जेवणावर दुधाचे आइस्क्रीम चालत नाही, आणि सणासुदीला पाहुण्यांपुढे मटण तर हवेच. तोड आपल्या घरातच आहे. चिकाच्या हलव्याला लागणारे नारळाचे दूध येथेही उपयोगी पडते, आणि ते सिंगापूरच्या बाजारातही सहज मिळते.

दोन वाट्या दाट नारळाच्या दुधात अर्धी वाटी साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर मीठ कालवून मंद आचेवर दाटसर होईपर्यंत ढवळावे. वेलदोड्याची पूड घालून पूर्ण निववावे. मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, तो डबा बर्फ व जाड्या मिठाच्या पातेल्यात ठेवून अर्धा तास फिरवीत राहावे. मधून मधून झाकण उघडून कडेला धरलेला थर खरवडून मिसळावा. खारट पाणी आत जाऊ देऊ नये. घरात फ्रीज असेल तर डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवून दर अर्ध्या तासाने तीन-चार वेळा घोटले तरी चालते. घोटण्याचा मात्र कंटाळा करू नये, कारण त्यानेच बर्फाचे खडे बारीक राहतात.

शक्य तर पहिल्या वेळी मीठ-बर्फाचीच रीत करावी आणि डबा मुलांच्या हाती द्यावा. बोटे गारठली की, थंडी कोठून येते हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.