न झालेल्या १.० ची गोष्ट

परवा शुक्रवारी संध्याकाळी आमचं रिलीज होतं. बिल्ड तयार, पॅकेज तयार, टेस्टिंग मात्र निम्मंच. "फोल्डरचं नावच 'फायनल' आहे, टाकून दे की!" असं एकजण म्हणाला. मी नाही म्हणालो आणि यथेच्छ शिव्या खाल्ल्या. घरी येताना डेबियनची गोष्ट आठवली, ती तुम्हाला सांगतो.

१६ ऑगस्ट १९९३ ला इयन मरडॉकने डेबियन लिनक्सची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोन्ही नावं जोडून डेबियन :-) कल्पना अशी की प्रत्येक सॉफ्टवेअरचं पॅकेज करायचं आणि त्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायची. पॅकेज म्हणजे नुसत्या फाइल्स नव्हेत. 'मला चालायला आणखी कोण कोण लागतं' ही यादीही त्यात असते. लग्नाच्या आमंत्रणासारखंच, एकाला बोलावलं की मागून चौघं येणार.

१९९५ च्या शेवटी १.० ची तयारी चालली होती. लिनक्स तेव्हा 'ए.आउट' हा जुना बायनरी फॉरमॅट सोडून 'एल्फ'कडे जात होतं, म्हणजे पॅकेजेस नव्याने बांधणं आलं. थोडी झाली होती, बरीच बाकी होती. घरात अर्धं वायरिंग नवं, अर्धं जुनं, तसला प्रकार. आणि हे सगळं अर्धवट काम ठेवलेल्या डिरेक्टरीचं नाव काय? '१.०'!

मोडेमच्या त्या जमान्यात लिनक्स मिळायचं ते मुख्यतः सीडीवर. इन्फोमॅजिक नावाच्या कंपनीने नोव्हेंबरच्या आपल्या पाच सीडींच्या संचात ते उचलून 'डेबियन १.०' म्हणून टाकलं. धड बूट होईल याचीही खात्री नाही! ११ डिसेंबर १९९५ ला दोघांनी मिळून जाहीर केलं की हे खरं रिलीज नाही, वापरू नका.

डेबियनवाल्यांनी मग तो आकडाच सोडून दिला. खरं रिलीज १७ जून १९९६ ला आलं, ४७४ पॅकेजेसचं, आणि नंबर होता १.१. त्याचं टोपणनाव 'बझ', टॉय स्टोरीतला. प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते ना! तेव्हापासून काम चालू असताना फक्त टोपणनाव, नंबर मिळतो तो तयार झाल्यावर. आणि कायम अस्थिर असणाऱ्या शाखेचं नाव 'सिड', खेळणी मोडणारा तो शेजारचा कार्टा.

आता तुम्ही म्हणाल, चूक सीडीवाल्यांची. अर्धी खरी. पण तयार नसलेल्या गोष्टीला तयार असल्याचं नाव आधी दिलं कोणी? ती पाटी वाचून कोणीतरी भरवसा ठेवणारच.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम, त्या 'फायनल' फोल्डरचं नाव बदलायचं. 'सिड' कसं वाटतं?