व्यवसाय कर : उशिरा किंवा अपुऱ्या भरण्याची आकारणी

पगार, धंदा किंवा पेशा यांतून मिळवणाऱ्यांवर महाराष्ट्र शासन बसवत असलेला वार्षिक कर म्हणजे व्यवसाय कर. पगारपत्रकावर आणि बोलण्यात तो ‘पीटी’ असतो. भारतात राज्यांना सर्वसाधारण आयकर लावता येत नाही. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरचा कर संघसूचीत (नोंद ८२) आहे, आणि राज्यांकडे शेतीचे उत्पन्न (राज्यसूची, नोंद ४६) व व्यवसाय कर (नोंद ६०) एवढेच उरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार, उत्पन्नाशी संबंध येतो एवढ्याच कारणाने हा कर अवैध ठरत नाही. म्हणून राज्याच्या आयकराला सर्वांत जवळचा असा हाच कर. मात्र त्याच अनुच्छेदाने त्याला कुंपणही घातले आहे. एका व्यक्तीकडून वर्षाला २५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नसे. साठाव्या घटनादुरुस्तीने (१९८८) ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि आजही तीच आहे.

महाराष्ट्रात हा कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. कायद्याचे नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५. रोजगार हमी योजनेला पैसा हवा, हे त्यामागचे कारण होते. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रकमेवर जव्हार-मोखाड्याच्या मजुराला काम मिळावे, असा तो हिशेब. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा या हिशेबाची दोन्ही टोके एकाच नकाशात दाखवतो : पश्चिमेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीज केंद्र, पूर्वेला रोजगार हमीच्या कामांची वाट पाहणारे डोंगरी तालुके.

दर साधे आहेत. पुरुष कर्मचाऱ्याला महिना ७,५०० रुपयांपर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये, आणि त्यावर २०० रुपये. फेब्रुवारीत मात्र ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० होतात आणि घटनेची मर्यादा काटेकोर गाठली जाते. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर सूट आहे. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना करच नाही. पगारात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि नियमित मिळणारे इतर मोबदले येतात. बोनस व उपदान येत नाहीत. दहा हजारांच्या पायरीला आता फारसा अर्थ उरलेला नाही. कारखान्यात पूर्ण महिना भरलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष कामगार ती ओलांडतोच.

कराच्या दोन वाटा आहेत आणि थकबाकीचा हिशेब वाटेनुसार बदलतो. पगार देणाऱ्याने घ्यायचे ते नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे पीटीआरसी. कामगारांचा कर कापून तो शासनाकडे भरायचा आणि रिटर्न द्यायचे, हे त्याचे काम. स्वतःच्या धंद्यासाठी किंवा पेशासाठी घ्यायचे ते नावनोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे पीटीईसी. त्याचे २,५०० रुपये दरवर्षी ३० जूनपर्यंत भरायचे असतात, रिटर्न नसते. बोईसरच्या छोट्या कारखानदाराला बहुधा दोन्ही लागतात आणि गफलत नेमकी इथे होते : कामगारांचा कर वेळेवर जातो, स्वतःचा राहून जातो.

मुदत चुकली की तीन वेगवेगळ्या रकमा उभ्या राहतात. व्यवहारात तिन्हींना ‘दंड’ म्हणतात, पण कायद्यात त्या एक नाहीत.

पहिली रक्कम व्याजाची (कलम ९). ते सरळव्याज असून न भरलेल्या करावर सव्वा टक्का मासिक दराने मोजले जाते. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. व्याज आपोआप चढते, त्यासाठी अधिकाऱ्याने आदेश काढावा लागत नाही. दुसरी रक्कम विलंब शुल्काची (कलम ६). हे कराच्या रकमेवर नसते, उशिरा आलेल्या प्रत्येक रिटर्नमागे असते : १,००० रुपये, उशीर तीस दिवसांच्या आतला असेल तर त्याहून कमी. हे शुल्क भरल्याशिवाय रिटर्न दाखल होत नाही. तिसरी रक्कम शास्तीची (कलम १०), थकलेल्या कराच्या १० टक्के. ती लावण्याआधी बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. समाधानकारक कारण दाखवले तर ती टळू शकते. व्याजाला असे कारण चालत नाही.

याखेरीज नोंदणीच घेतली नसेल तर दिवसांचा हिशेब लागतो : पगार देणाऱ्याला दिवसाला ५ रुपये, स्वतःची नावनोंदणी चुकवणाऱ्याला दिवसाला २ रुपये. खोटी माहिती दिली तर कराच्या तिप्पट. नावनोंदणीविना धंदा केलेल्याकडून मागील कर किती वर्षांचा घ्यायचा, ही मर्यादा पूर्वी आठ वर्षांची होती. २०१७ पासून ती चार वर्षांवर आली. वर्षाला २,५०० ची घटनात्मक मर्यादा फक्त कराला आहे. व्याज, शुल्क आणि शास्ती त्यावर वेगळी बसतात.

आता आकडे. तारापूर वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात साठ पुरुष कामगार आहेत आणि सर्वांचा पगार दहा हजारांवर आहे असे धरू. महिन्याचा कर १२,००० रुपये, फेब्रुवारीचा १८,०००, वर्षाचा १,५०,०००. जानेवारीच्या पगाराचा कर फेब्रुवारीअखेर भरायचा होता आणि तो १० मार्चला भरला. उशीर दहा दिवसांचा असला तरी महिना एक मोजला जातो, म्हणून व्याज १२,००० च्या सव्वा टक्के, म्हणजे १५० रुपये. रिटर्नही तेव्हाच गेले असेल तर विलंब शुल्क वेगळे. एवढ्या मोठ्या पगारपत्रकाला हे बोचत नाही.

अपुऱ्या भरण्याचे नेहमीचे उदाहरण फेब्रुवारीचे. पगाराच्या संगणकप्रणालीत २०० रुपये कायमचे बसवलेले असतात, फेब्रुवारीला ३०० करायचे राहते. साठ कामगारांमागे शंभर रुपये, म्हणजे ६,००० रुपयांची तूट. रिटर्न ३१ मार्चच्या आत गेले असल्यामुळे विलंब शुल्क नाही. फरक एप्रिलमध्ये भरला तर व्याज ७५ रुपये, शास्ती लागलीच तर ६०० रुपये. हे शंभर रुपये कामगारांकडून कापले नव्हते, ही सबब चालत नाही. कलम ४ नुसार कपात झालेली असो वा नसो, कर भरण्याची जबाबदारी पगार देणाऱ्याचीच असते. उलटी चूकही दिसते : २०२३ नंतरही बावीस-तेवीस हजार पगाराच्या महिला कामगारांची पीटी कापत राहणे. त्यात शासनाचे काही थकत नाही. खिसा त्या बाईचा हलका होतो.

कोणी किती वेळा रिटर्न द्यायचे, हे मागील वर्षाच्या करावरून ठरते. तो एक लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर वर्षातून एकदा, ३१ मार्चला. एक लाख किंवा जास्त असेल तर दरमहा, महिनाअखेर. २,५०० रुपयांनी एक लाखाला भागले की चाळीस येतात. वर्षभर कामावर असलेले चाळीस पुरुष कामगार, ही ती सीमा. बोईसरच्या ठेकेदाराने हा एक आकडा पाठ ठेवावा.

कारण तारापूरमध्ये मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर ठेक्यावर चालते. रासायनिक कारखान्याचे शटडाऊन निघाले की माणसे वाढतात, काम संपले की पांगतात. समजा, एखाद्या ठेकेदाराकडे गेल्या वर्षी पन्नास माणसे होती. त्याचा कर सव्वा लाख झाला. यंदा ठेका गेला आणि पाच माणसे उरली. महिन्याचा कर फक्त १,००० रुपये. पण रिटर्न मागील वर्षावरून ठरत असल्यामुळे यंदाही दरमहा द्यायचे. एक रिटर्न महिन्यापेक्षा जास्त राहिले की विलंब शुल्क १,००० रुपये, कराइतकेच. व्याज पाहावे तर महिन्याला साडेबारा रुपये. असे सहा महिने राहून गेले तर सहा हजारांच्या करावर सहा हजारांचे शुल्क. साठ कामगारांच्या कारखान्यालाही एका उशिराच्या रिटर्नमागे हजारच पडतात, पण ते बारा हजारांच्या करावर. शुल्क सर्वांना सारखे ठेवल्याने ते सर्वांत लहान माणसाला सर्वांत जड जाते, हा या आकारणीतला ठळक दोष आहे.

नावनोंदणीवाल्याचा हिशेब यापेक्षा सोपा. बोईसर स्टेशनजवळच्या दुकानदाराने ३० जूनचे २,५०० रुपये २० जुलैला भरले तर व्याज ३१ रुपये २५ पैसे. शास्ती लागली तर २५०. ही दगदग नको असेल तर पाच वर्षांचा कर एकरकमी १०,००० रुपये भरता येतो, म्हणजे चार वर्षांच्या पैशात पाच वर्षे सुटतात.

भरणा महाराष्ट्राच्या वस्तू व सेवा कर विभागाच्या संकेतस्थळावर, एमटीआर-६ चलनाने होतो. पगार देणाऱ्याचे रिटर्न नमुना तीन-ब मध्ये. चलनात कर, व्याज, शास्ती आणि शुल्क यांचे रकाने वेगळे आहेत. सगळी रक्कम कराच्या रकान्यात टाकली तर व्याज थकलेलेच दिसते आणि पुढे नोटीस येते. थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते (कलम १२), म्हणजे प्रकरण जप्तीपर्यंत जाऊ शकते.

केंद्राच्या आयकराची रीत वेगळी आहे. तिथे आगाऊ कराचे चार हप्ते (१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च) चुकले किंवा कमी पडले तर महिन्याला एक टक्का व्याज लागते. विवरणपत्र उशिरा दिल्यास ५,००० रुपये, पण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये. लहान-मोठ्यातला हा फरक व्यवसाय कराच्या विलंब शुल्कात नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांचा स्वतंत्र आयकर असतो. कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबाने राज्याचा कर उशिरा भरला तर थकलेल्या रकमेच्या ५ टक्के आणि वर प्रत्येक महिन्याला अर्धा टक्का, कमाल २५ टक्के असा दंड बसतो. म्हणजे तिथेही उशिराच्या भरण्याचा दंड थकलेल्या रकमेच्या प्रमाणात आहे.

महाराष्ट्रात थकबाकी निकाली काढण्यासाठी अभय योजना अनेकदा आल्या. २०१६ ची योजना खास नावनोंदणी न केलेल्यांसाठी होती. २०२३ च्या तडजोड कायद्यात जून २०१७ पर्यंतच्या काळातील, एका वर्षाच्या आदेशानुसार दोन लाख रुपयांपर्यंत असलेली थकबाकी पूर्ण माफ झाली. व्यवसाय कराची बहुतेक प्रकरणे एवढ्या रकमेच्या खूप आत बसतात. त्या वर्षांत पाच माणसांचा कर महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्या आणि एखादे रिटर्न चुकल्यावर मुकाट्याने विलंब शुल्क देणाऱ्या ठेकेदाराला मात्र परत काहीच मिळाले नाही.