धनजीशहा कूपर : साताऱ्याचे विस्मृत प्रधानमंत्री

१/ मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री कोण, असे विचारले की बहुतेक जण बाळासाहेब खेरांचे नाव घेतात. खेरांच्या आधी त्या पदावर साताऱ्याचे एक पारशी गृहस्थ बसले होते : सर धनजीशहा बोमनजी कूपर. त्यांचे मंत्रिमंडळ ११० दिवसही टिकले नाही. (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा प्रधानमंत्री म्हणत.)

२/ कूपर यांचा जन्म १८७८ चा. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके त्यात मोडत. १९४९ मध्ये त्यांतून ‘दक्षिण सातारा’ निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

३/ १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या परिचयाचा झाला. १९२२ मध्ये सातारा रोड स्थानकाजवळ पाडळी येथे कूपर यांचाही कारखाना उभा राहिला. त्याच्या उभारणीत भाऊराव पाटलांचा मोठा वाटा होता. पुढे दोघांत बिनसले. भाऊरावांनी आपले आयुष्य रयत शिक्षण संस्थेला दिले, कूपर राजकारणात वर चढत गेले.

४/ सत्यशोधक विचाराने ढवळून निघालेल्या या जिल्ह्यात ब्राह्मणेतर पक्षाचा जोर होता. कूपर त्याच पक्षाचे पुढारी म्हणून लोकल बोर्डातून मुंबईच्या कायदे कौन्सिलात पोहोचले. मराठा शेतकऱ्यांच्या चळवळीला पारशी कारखानदाराचे नेतृत्व लाभावे, हे आज नवल वाटते. पण पैसा, संघटना आणि सरकारदरबारी वजन या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. पुढे ते मंत्री झाले, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातही बसले.

५/ दरम्यान पायाखालची जमीन सरकत होती. केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर नेते काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांच्यामागून बहुजन तरुणही गेले. सरकारशी जुळवून घेणाऱ्या जुन्या पुढाऱ्यांमागचे बळ ओसरू लागले.

६/ १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ च्या प्रारंभी निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी जवळजवळ निम्म्या काँग्रेसने जिंकल्या. मात्र गव्हर्नर आपले विशेषाधिकार मंत्र्यांच्या कामात आड आणणार नाहीत, असे आश्वासन मिळेपर्यंत सत्ता घ्यायची नाही, ही काँग्रेसची भूमिका होती.

७/ प्रांत मंत्र्यांविना ठेवणे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना नको होते. १ एप्रिल १९३७ रोजी कूपर प्रधानमंत्री झाले. जमनादास मेहता, सिद्धप्पा कांबळी आदी मंडळी त्यांच्या मंत्रिमंडळात होती. बहुमत नव्हते. विधानसभा भरली असती तर पहिल्याच मतदानात सरकार पडणार, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे सभागृह न बोलावताच कारभार चालला.

८/ जुलैमध्ये वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने सत्ता स्वीकारण्याचा निर्णय घेतला. १९ जुलै १९३७ रोजी खेर मंत्रिमंडळ आले आणि कूपर पायउतार झाले.

९/ त्यांच्यावर ‘सरकारधार्जिणे’ असा शिक्का बसला, आणि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. पण ब्राह्मणेतर चळवळीने गावच्या माणसाला लोकल बोर्डाच्या दारापर्यंत आणले, त्या वाटचालीत कूपर यांचा हिस्सा होता. ज्या मतदाराने १९३७ मध्ये काँग्रेसला कौल दिला, त्याला मतपेटीची ओळख त्या आधीच्या दीड दशकात झाली होती.

१०/ १९४० च्या सुमारास कूपर यांचा कारखाना वालचंद समूहाकडे गेला. १९४३ पासून याच जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. कूपर यांचे सरकार कायद्याने रीतसर होते, पण त्यामागे सभागृह नव्हते. प्रतिसरकारला कायद्याची मान्यता नव्हती, पण गावे त्याच्यामागे होती. १९४७ मध्ये कूपर निवर्तले तेव्हा साताऱ्याचे राजकारण नव्या पिढीच्या हाती गेले होते.