निश्चिततेकडून शक्यतेकडे : पाऊस आणि हिमाच्या अंदाजाची वाटचाल

महाराष्ट्रापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांतून अजूनही पंचांग सुटलेले नाही. पाडव्याला संवत्सरफल वाचावे आणि मृगाचे वाहन कोणते, आर्द्रा कशी जाणार, हे पाहून ठेवावे, ही रीत अनेक कुटुंबांनी इंदूर-बडोद्यातही जपली. पंचांगातील पर्जन्यविचाराचे एक वैशिष्ट्य असे की, तो विचारलेल्या प्रश्नाला एकच उत्तर देतो. आधुनिक हवामानशास्त्र त्याहून सर्वस्वी भिन्न पायावर उभे असले, तरी आरंभीची शंभराहून अधिक वर्षे तेही अशाच एका उत्तराच्या शोधात होते. तो हट्ट सोडून ‘शक्यता किती?’ असे बोलायला ते कसे शिकले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कारण चुकलेल्या अंदाजाची किंमत क्वचितच अंदाज करणाऱ्याला मोजावी लागते.

हिंदुस्थानात हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला पावसाची पूर्वसूचना हवी होती आणि ते काम खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आले. हिमालयात वसंतात उशिरापर्यंत भरपूर हिम पडले, तर मैदानी मुलखातील पावसाळा दुबळा जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्या आधारावर प्रारंभी प्रायोगिक आणि १८८६ पासून नियमित अंदाज निघू लागले. एका प्रदेशातील हिमावरून दुसऱ्या प्रदेशातील पावसाचा वेध घेण्याची ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी हिमाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडील हवामानाचाही आधार घेतला. त्यांचे अंदाज सविस्तर आणि ठाम असत. १८९९ च्या पावसाबद्दलचा त्यांचा अंदाज आशादायक होता. प्रत्यक्षात त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि विक्रम संवत १९५६ चा तो दुष्काळ ‘छप्पनिया’ या नावाने गुजरात-राजस्थानच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला. बडोद्याकडच्या आपल्या जुन्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या तोंडी हा शब्द अनेकांनी ऐकला असेल. दुष्काळ अंदाजामुळे पडला नाही हे खरे. परंतु ठाम शब्दांत दिलेला धीर खोटा ठरला, की पुढच्या खऱ्या सूचनेवरचाही विश्वास उडतो. टीकेचा भडिमार झाला आणि पुढे काही वर्षे हे अंदाज गोपनीय ठेवण्यात आले. शंका बोलून दाखवण्याऐवजी अंदाजच झाकून ठेवणे, हा त्या वेळी सुचलेला उपाय होता.

१९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती आली. ज्या बहुमानामुळे रँग्लर परांजपे यांचे नाव मराठी घराघरांत पोहोचले, तो केंब्रिजचा ‘सीनियर रँग्लर’चा मान वॉकर यांनी परांजप्यांच्या दहा वर्षे आधी, १८८९ मध्ये मिळवला होता. त्यांनी जगभरच्या नोंदींचे परस्परसंबंध गणिताने तपासले. त्यातूनच प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या हेलकाव्याचा, म्हणजे ‘दक्षिणी आंदोलना’चा शोध लागला. कोणताही संबंध पूर्ण नसतो, त्याची बळकटी मोजावी लागते, ही शिस्त वॉकर यांनी या शास्त्राला लावली.

त्याच सुमारास युरोपात दुसरी वाट शोधली जात होती. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकेवर काम करीत असताना लुईस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० या एका दिवसाचे, केवळ सहा तासांचे हवामान भौतिकशास्त्राच्या समीकरणांवरून हाताने गणित करून काढले. त्यांच्या उत्तरात वायुदाब सहा तासांत १४५ मिलिबारने बदलला. प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. हे अपयश त्यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात प्रांजळपणे छापले. पुढे १९५० मध्ये ‘एनिॲक’ या संगणकावर चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी ही वाट यशस्वी करून दाखवली, आणि संगणक पुरेसा मोठा झाला की हवामान ग्रहणासारखे आधी सांगता येईल, अशी आशा बळावली.

तिला तडा गेला तो १९६१ मध्ये. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. थोड्याच वेळात दोन्ही गणितांतली हवामाने एकमेकांना ओळखीनाशी झाली. १९६३ च्या निबंधात त्यांनी याचा अर्थ मांडला : आरंभीची अतिसूक्ष्म तफावतही वाढत जाते. वातावरणाचे मोजमाप तर सर्वत्र आणि तंतोतंत कधीच होऊ शकत नाही. मग एकाच गणिताच्या एकाच उत्तरावर भिस्त कशी ठेवावी?

एडवर्ड एप्स्टाइन यांनी १९६९ मध्ये आणि सेसिल लीथ यांनी १९७४ मध्ये यावर उपाय सुचवला. आरंभीची स्थिती किंचित बदलून तेच गणित अनेकदा करावे आणि उत्तरे किती पांगतात ते पाहावे. उत्तरे जवळजवळ राहिली तर विश्वास अधिक, विखुरली तर कमी. यालाच समूह-अंदाज म्हणतात. १९९२ च्या अखेरीस इंग्लंडमधील रेडिंग येथील युरोपीय केंद्राने आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय केंद्राने काही दिवसांच्या अंतराने तो नित्य वापरात आणला. युरोपात टिम पामर, तर अमेरिकेत युजेनिया काल्ने आणि झोल्टन टोथ यांचा त्यात मोठा वाटा होता. युरोपीय केंद्राच्या समूहात आज ५० बदललेली आणि एक मूळ, अशी ५१ गणिते असतात. सत्तर टक्के शक्यता सांगितलेल्या दिवसांपैकी दहांत सुमारे सात दिवस पाऊस पडला, तर ते सांगणे खरे. एका दिवसावरून त्याची परीक्षा होत नाही.

या पद्धतीची खरी कसोटी लागते ती शून्य अंशाच्या आसपास. उंचावर तयार झालेले हिम खाली येताना उबदार थरातून गेले तर वितळते. त्याखाली जमिनीलगत गोठणबिंदूखालच्या हवेचा थर जाड असेल, तर थेंब पुन्हा गोठून बर्फाचे दाणे होतात. तो थर पातळ असेल, तर थेंब अतिशीत अवस्थेत पाणीच राहतो आणि तारेला, फांदीला, रस्त्याला स्पर्श होताच काचेसारखा गोठतो. एखाद्या अंशाच्या फरकाने पाऊस, हिम की गोठणारा पाऊस, हे ठरते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक व ऑन्टॅरिओ प्रांतांत अशा पावसाने विजेचे सुमारे हजार पोलादी मनोरे कोसळले आणि ऐन थंडीत लक्षावधी घरे अंधारात गेली. अशा वेळी ‘हिम पडेल’ या एका वाक्यापेक्षा तिन्ही शक्यतांचे प्रमाण कळणे वीज कामगाराला अधिक उपयोगी असते.

तरीही समूह हाती असून तो लोकांपर्यंत पोहोचला नाही, तर काय होते, हे २६-२७ जानेवारी २०१५ ला न्यूयॉर्कमध्ये दिसले. दोन ते अडीच फूट हिमाचा इशारा दिला गेला आणि भुयारी रेल्वे हिमासाठी इतिहासात प्रथमच बंद ठेवली गेली. सेंट्रल पार्कमध्ये मात्र दहा इंचांच्या आत हिम पडले. वादळ थोडे पूर्वेला सरकले होते आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ते अंदाजाप्रमाणेच कोसळले. समूहातील गणितांत हा फरक उमटला होता. लोकांना मात्र मोठे आकडेच ठळकपणे ऐकू आले. अनिश्चितता अधिक स्पष्टपणे सांगायला हवी होती, हे अमेरिकेच्या हवामान सेवेच्या प्रमुखांनी नंतर मान्य केले.

आपल्याकडे १ जून २०१८ पासून बारा किलोमीटर सूक्ष्मतेचा, २१ गणितांचा समूह-अंदाज रुजू झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा त्यात महत्त्वाचा सहभाग होता. २०२१ पासून मोसमी पावसाचा दीर्घ अंदाजही अनेक प्रारूपांच्या समूहावरून काढला जातो आणि सरासरीहून कमी, सरासरीएवढा वा अधिक पाऊस यांच्या शक्यता टक्क्यांत सांगितल्या जातात. ब्लॅनफर्ड यांनी पाहिलेले हिमालयाचे हिम आजही विचारात घेतले जाते, परंतु अनेक साक्षीदारांपैकी एक म्हणून.

‘साठ टक्के’ ऐकून खाते अंग झाकून घेते, अशी थट्टा आपण करतो. १८९९ चा ठाम दिलासा आठवला, तर ती आवरती घ्यावीशी वाटेल. बियाणे आजच पेरावे की निम्मे राखून ठेवावे, हा निर्णय शेवटी शेतकऱ्याचाच असतो. त्याला आपली शंका आकड्यांत मांडून दाखवणे हा शास्त्राचा दुबळेपणा नसून त्याच्याशी राखलेला प्रामाणिकपणा आहे. आणि तो शिकायला या शास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.