अंगणांतला किल्ला

श्रोतेहो, इतिहासावर बोलावयाचें म्हटलें म्हणजे राजे, लढाया आणि तह ह्यांची अपेक्षा असते. मी आज ज्या किल्ल्याविषयीं बोलणार आहें, त्याची उंची फार तर दोन हात असे. तो चार दिवसांत उभा राही, आणि तुळशीचें लग्न लागलें कीं त्याची माती पुन्हां परसांतल्या मातींत मिसळून जाई. कोणत्याहि बखरींत त्याचें नांव नाहीं. तरी महाराष्ट्रांतल्या असंख्य मुलांनीं इतिहासाचा पहिला धडा ह्याच किल्ल्यावर घेतला. दिवाळींत मुलें अंगणांत जो मातीचा किल्ला करतात, तो माझा आजचा विषय. मी कांहीं संशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तेव्हां जें हातांनीं केलें, जें पाहिलें आणि एकदां जें चुकलें, तेवढेंच सांगेन.

ठाण्याहून बेलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका अंगास खाडी आणि दुसऱ्या अंगास पारसिकचा डोंगर, ह्यांच्या मधल्या पट्टींत आमचा दिघा वसलेला आहे. पूर्वीं येथें आगरी-कोळ्यांची वस्ती आणि भाताचीं खाचरें होतीं. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें ह्या पट्टींत कारखान्यांची रांग लागली. माझे वडील १९६५ सालीं सातारा जिल्ह्यांतून पोटासाठीं येथें आले. सामान म्हणाल तर एक ट्रंक आणि एक वळकटी. पण दिवाळींत दारापुढें किल्ला करावयाची रीत मात्र त्यांनीं गांवाहून बरोबर आणली होती. आमच्या खोलीपुढें चार हात अंगण होतें. तेवढें पुरें झालें.

सहामाही परीक्षा संपली कीं आम्ही भावंडें डोंगराच्या पायथ्याशीं जाऊन घमेल्यानें तांबडी माती आणीत असूं. दगड आणि फुटक्या विटा रचून आधीं डोंगराचा आकार करावयाचा. त्यावर जुनें गोणपाट चिखलांत बुडवून पसरावयाचें, म्हणजे कडे आणि घळी आपोआप उमटतात. मग तट, बुरूज, महादरवाजा, आणि करवंटी पुरून केलेलें पाण्याचें टांकें. ओल्या उतारावर अळीव आणि मोहरी पेरली म्हणजे चार-पांच दिवसांत हिरवें रान उगवे. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, पायऱ्यांवर मातीचे मावळे, आणि गुहेंत एक वाघ. हा वाघ मावळ्यांहून थोर असे; पण त्याविषयीं कोणाची तक्रार नसे.

आकाशकंदिलाचें खातें आईकडे होतें. बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्यानें बांधून ती सांगाडा करी. कणकेची खळ शिजवी, आणि झुरळांनीं कागद खाऊं नये म्हणून तींत चिमूटभर मोरचूद घाली. पतंगाच्या कागदाच्या करंज्या आणि शेपट्या कातरण्याचें काम आम्हां मुलांचें. माझ्या शेपट्या नेहमीं वांकड्या जात. आई त्या मागल्या बाजूस लावी; पण लावी खऱ्या.

वडील कारखान्यांत तीन पाळ्यांत काम करीत. एरव्हीं ते घरीं असले तर निजलेले असत, आणि आम्हांस हळू बोलण्याची ताकीद असे. परंतु दिवाळीआधींचा एक रविवार ते आमच्याबरोबर चिखलांत बसत. "हा रायगड. येथें महाराजांस राज्याभिषेक झाला, १६७४ सालीं," असें ते सांगत आणि माझें बोट धरून ओल्या तटावरून फिरवीत. पुढें पुस्तकांत रायगड आला तेव्हां तो मला नवा वाटला नाहीं. माझ्या बोटांस तो ठाऊक होता.

डोंगरावरच्या किल्ल्यांचें नशीब निराळें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, त्याच सालीं मे महिन्यांत रायगड इंग्रजांच्या हातीं पडला. पुन्हां कोणी गडाच्या आश्रयानें लढूं नये म्हणून इंग्रजांनीं अनेक गडांचे तट आणि वाटा सुरुंगानें उडविल्या. गड ओस पडले. पुढें २०२५ सालच्या जुलैमध्यें युनेस्कोनें बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांतले अकरा महाराष्ट्रांतले आणि बारावा तामिळनाडूंतला जिंजी. ही आनंदाची गोष्ट होय. पण ज्यांना गडावर जाण्यास कधीं सवड किंवा पैसा मिळाला नाहीं, त्या घरांतल्या मुलांनीं हे गड दरवर्षीं स्वतःच्या हातांनीं उभे केले, हीहि एक जपणूकच नव्हे काय?

मुलांच्या हातांना काम दिलें म्हणजे त्यांच्या बुद्धीस वाट फुटते, हें तत्त्व जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेलनें १८३७ सालापासून बालोद्यानाच्या रूपानें मांडलें. मारिया माँटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोममध्यें बालगृह उघडलें. हें तत्त्व आपल्या मातींत रुजविलें तें ताराबाई मोडक यांनीं. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें, आणि अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी आतां पालघर जिल्ह्यांत आहे. पण त्या वेळीं तें आमच्या दिघ्याप्रमाणेंच ठाणें जिल्ह्यांत होतें. माँटेसोरीचीं साधनें महाग. तीं खेड्यांत कोठून येणार? तेव्हां शंख-शिंपले, बिया, गोटे, पानें आणि माती ह्यांतूनच ह्या बायांनीं आपलीं साधनें केलीं. जीं मुलें केंद्रांत येईनात, त्यांच्यासाठीं शाळाच त्यांच्या वस्तींतल्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हें नांव तेथूनच पुढें आलें, आणि १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हां तें देशभर गेलें.

ताराबाईंनीं शाळा अंगणांत नेली. मीं मात्र अंगणांतला किल्ला शाळेंत नेला, आणि तेथेंच चुकलों.

ही गोष्ट १९९० च्या सुमाराची. आमच्या शाळेंत दिवाळीच्या सुटीपूर्वीं किल्ल्यांची स्पर्धा मीं सुरू केली. गुणांचा तक्ता आखला : तटास पांच, बुरुजांस पांच, ऐतिहासिक अचूकतेस दहा. चौथीतल्या एका मुलानें सुरेख डोंगर केला होता. पण त्या डोंगरास त्यानें आरपार भोंक पाडलें होतें, आणि त्यांतून काड्यापेट्यांची एक आगगाडी बाहेर काढली होती. मी हंसलों. "अरे, शिवरायांच्या काळीं आगगाडी कोठून आली?" तो म्हणाला, "गुरुजी, माझे बाबा ह्याच बोगद्यांत कामाला जातात." मीं त्याला गाडी काढावयास लावली. त्यानें ती काढली, खिशांत ठेवली आणि भोंकावर एक दगड लावून टाकला. अचूकतेचे दहा गुण त्याला मिळाले. पण पुढल्या वर्षीं त्यानें किल्ला केला नाहीं.

वर्षभरानें, वर्गांत ठाणें जिल्ह्याचा धडा शिकवितांना, माझें मलाच कळलें. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं आली. पारसिकच्या डोंगरांतून जाणारा सुमारें सव्वा किलोमीटर लांबीचा बोगदा १९१६ सालीं सुरू झाला. म्हणजे त्या मुलानें इतिहासच केला होता. फक्त तो माझ्या तक्त्यांतला नव्हता. त्यानें आमच्याच डोंगराचा इतिहास केला होता, आणि त्यांत आपल्या बापाला जागा दिली होती. आमच्या समोर, खाडीपलीकडे, ठाण्याचा किल्ला आहे. मराठ्यांनीं तो १७३७ सालीं पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ सालीं इंग्रजांनीं मराठ्यांकडून घेतला, आणि आज तेथें मध्यवर्ती कारागृह आहे. किल्ला काळाबरोबर बदलतो, हें इतक्या जवळ पाहूनहि मीं एका मुलाच्या किल्ल्यांत काळाला मज्जाव केला. त्या मुलाची माफी मागावयाची राहून गेली. ती आज येथें मागतों.

पुढें दिघा बदलला. १९९२ सालीं नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वांत आली. डोंगराच्या उतारावर दाट वस्ती झाली, खाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, आणि अंगणें गेलीं. आतां माती रोपवाटिकेंतून पिशवीनें विकत आणावी लागते. दुकानांत प्लॅस्टरचा तयार किल्ला मिळतो, प्लॅस्टिकचा कंदील मिळतो. ते घेणाऱ्यांस मी नांवें ठेवीत नाहीं. दोघेंहि कामावर जाणाऱ्या आईबापांना वेळ कोठून मिळावा? माझ्या वडिलांना तरी तो कोठें मिळत होता? परंतु त्यांनीं एक रविवार काढला, आणि त्या एका रविवारावर मी साठ वर्षें जगलों.

गेल्या दिवाळींत माझ्या सहा वर्षांच्या नातीनें किल्ल्याचा हट्ट धरला. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरींत एक जुनी परात घेतली, दोन पिशव्या माती आणली, आणि मी बसलों. थोड्या वेळानें तिचा बापहि हातांतलें यंत्र बाजूला ठेवून येऊन बसला. त्याला गोणपाट कसें पसरावें हें ठाऊक नव्हतें. तीस वर्षें मीं दुसऱ्यांच्या मुलांचे किल्ले तपासले, आणि घरच्या मुलाला एकहि करून दाखविला नाहीं, हें मला त्या दिवशीं दिसलें. मीं त्याचा हात धरून तो ओल्या मातीवरून फिरविला. तो कांहीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं.

किल्ला झाल्यावर नातीनें पायथ्याशीं एक खोका ठेवला. "आजोबा, हें दिघा गांव स्टेशन," ती म्हणाली. हें स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजीं सुरू झालें; तिच्या लेखीं तेवढाच इतिहास जुना. मावळे पायऱ्या उतरून गाडीसाठीं उभे होते. ह्या वेळीं मीं कांहीं काढावयास सांगितलें नाहीं. पणती थोडी पुढें सरकविली, म्हणजे स्टेशनावर उजेड पडेल.

श्रोतेहो, ह्या दिवाळींत परातीएवढी जागा आणि एक रविवार आपल्यालाहि लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.