नाममुद्रेची कुळकथा

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी दिंड्या येऊन विसावल्या, की टाळकऱ्यांच्या पुढे उभा राहिलेला कीर्तनकार निरूपणाला जो अभंग घेतो, तो कोणाचा हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ किंवा ‘एका जनार्दनीं’ आले, की मृदंगवाल्यापासून खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीपर्यंत सर्वांना धनी कळतो. परंतु त्याच अभंगावर पुढे दीड-दोन तास जे निरूपण रंगते, त्यातील कोणता दृष्टांत बुवांचा स्वतःचा, कोणता गुरुमुखातून आलेला आणि कोणता गेल्या चातुर्मासात दुसऱ्याच्या कीर्तनातून टिपून आणलेला, याचा थांगपत्ता श्रोत्यांना लागत नाही. पद्याला धनी आहे आणि गद्य बेवारस आहे, ही विसंगती कशी उत्पन्न झाली हे पाहू गेल्यास नाममुद्रेच्या मुळाशी जावे लागते.

गीताच्या अखेरीस कर्त्याचे नाव गुंफण्याची रीत काही महाराष्ट्राने काढलेली नव्हे. पूर्वेकडील बौद्ध सिद्धांच्या चर्यापदांत ती आहे. जयदेवाने बाराव्या शतकात गीतगोविंदात ती पाळली. बंगालात तिला भणिता म्हणतात, आणि फारसी गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस याच न्यायाने येतो. जे काव्य पोथीपेक्षा मुखपाठाने अधिक जगावयाचे, त्याच्या कर्त्याचे नाव त्याच्या अंगातच शिवून ठेवणे भाग होते, कारण पोथीचे शेवटचे पान गहाळ होते, पण चालीत आणि यमकात बसलेले नाव सहसा गळत नाही. मराठी संतांनी या रिवाजात जी भर घातली ती मला अधिक मोलाची वाटते: एकनाथांनी आपल्या नावाला गुरु जनार्दनस्वामींचे नाव असे जोडले की एकाचा उच्चार दुसऱ्यावाचून होऊ नये, जनाबाई ‘नामयाची जनी’ झाली, आणि ज्ञानेश्वरांनी तर कित्येक अभंगांत स्वतःचे नाव मागे ठेवून ‘बापरखुमादेवीवरु’ म्हणून विठ्ठलालाच पुढे केले. कर्त्याच्या सहीतच ऋणाचा दाखला द्यावयाचा, अशी ही योजना होती.

मुद्रा आली तशी बनावट मुद्राही आली. देहूच्या सालोमालो नामक हरिदासाने तुकोबांचे अभंग उचलून त्यांत आपले नाव घातले, असे परंपरा सांगते. त्याच्यावरचे तुकोबांचे अभंग गाथेत आजही आहेत. आपले बोल आपले नव्हेत, देवच बोलवितो, असे वारंवार सांगणारा हा पुरुष तेथे इतका संतापावा याचे प्रथमदर्शनी नवल वाटते, पण जरा बारकाईने वाचले असता तो राग मालकीचा नसून नासाडीचा आहे हे ध्यानात येते. चोरी उलट्या दिशेनेही होत असे, म्हणजे आपली ओवी थोराच्या नावावर खपविणे. म्हणूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा तीत कोणी आपली ओवी घुसडू नये अशी सक्त ताकीद अखेरीस देऊन ठेवली.

दीर्घ ग्रंथांना चरणाअखेरची मुद्रा पुरेशी नव्हती. ज्या रामदासांनी, परंपरेनुसार, नाशिकनजीक टाकळीस बारा वर्षे तपाचरण केले, त्यांनी दासबोधाच्या पहिल्याच समासात शिवगीता, रामगीता, अवधूतगीता, उपनिषदे, भागवत अशी आधारग्रंथांची यादीच मांडली, आणि त्यांच्या जोडीला आत्मप्रचीतीही नोंदली. ताहराबादचे महिपती तर वतनाने कुलकर्णी. दफ्तरातील नोंदीचा संस्कार म्हणा, की स्वभावाचा सरळपणा म्हणा, १७६२ सालच्या भक्तविजयाच्या आरंभीच त्यांनी आपली संतचरित्रे नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे रचल्याचे कबूल केले, आणि तेही कोणी जबानी मागितलेली नसताना.

निरूपणाला असा कारभारी कधी लाभला नाही. वारकरी कीर्तनकार प्रमाण म्हणून अभंग देतो तेव्हा ‘माउली सांगतात’, ‘तुकोबाराय म्हणतात’ असे आवर्जून म्हणतो; नारदीय परंपरेतील हरिदास उत्तररंगात मोरोपंतांची आर्या घेतो तेव्हा पंतांचे नाव सांगतो; पण आख्यानाची बांधणी, कोटी, चुटका, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारा नेमका थांबा मात्र वहीतून वहीत बिनबोभाट जातो. आरंभीच्या गुरुवंदनात हे सारे आले, असा युक्तिवाद केला जातो. गुरूपासून मिळालेल्या शिदोरीपुरता तो मान्य करावा. शेजारच्या गावातील समकालीन बुवांचे अख्खे आख्यान हावभावांसह उतरविणाऱ्याला तो कसा लागू पडावा? ज्ञान सर्वांचे, हे उत्तर तर सालोमालोलाही देता आले असते. ‘हा दृष्टांत अमक्या बुवांचा’ एवढे म्हणावयास अर्धा श्वास लागतो, रंगाचा भंग होत नाही, आणि बिदागीतही कपात होत नाही. नाव घेतल्याने आपण उणे ठरू ही धास्ती असेल, तर भक्तविजयाकडे पाहावे: नाभाजींचे नाव पहिल्याच अध्यायात असूनही तो ग्रंथ अडीचशे वर्षांहून अधिक काळ महिपतींचाच म्हणून वाचला जात आहे.